पुणें प्रांतांतील उन्हाळ्याचीं दोन पंचांगें

पुण्याच्या अर्वाचीन सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे उन्हाळ्याचे महिने, त्यांतही मे महिना, वारंवार पुढें येतो. वसंत व्याख्यानमाला इ. स. १८७५ च्या उन्हाळ्यांत सुरू झाली. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा ता. ११ मे १८७८ रोजीं हिराबागेंत भरली. दुसरी १८८५ च्या मे महिन्यांत याच शहरीं भरली. आणि महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना ता. २७ मे १९०६ रोजीं पुण्यांतच झाली. या तारखांचा निर्देश अनेकांनीं केला आहे. परंतु त्या सर्व याच ऋतूंत कां पडाव्या, हा प्रश्न मुद्दाम विचारलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. पुण्याचा वैशाख कांहीं सभांना सोयीचा ऋतु नव्हे. दुपारीं रस्ते ओस पडतात, सायंकाळीं वळवाची भीति असते. असें असतां विद्वान् मंडळींनीं हाच काळ पुनःपुन्हां कां निवडला?

त्याचें उत्तर सोपें आहे, व तें पुढें दिलेंही आहे. परंतु तें शोधतांना दुसरी एक गोष्ट नजरेस येते, व ती अधिक महत्त्वाची वाटते. ज्या आठवड्यांत शहरांत या सभा भरत, त्याच आठवड्यांत शहराभोंवतींच्या जुन्नर, खेड, मावळ, पुरंदर, भीमथडी या तालुक्यांत गांवोगांव यात्रा भरत, व तेथें हजारों माणसें रात्र रात्र जागून गाणें व वग ऐकत असत. एकाच प्रांतांत उन्हाळ्याचीं अशीं दोन पंचांगें एका वेळीं चालत होतीं. एक कोर्टाच्या सुटीचें, दुसरें तिथीचें. पहिल्याचा इतिहास छापला गेला. दुसऱ्याचा छापला गेला नाहीं. त्यामुळें पुणें प्रांताच्या कलाजीवनाविषयीं आपली समजूत एकांगी झाली आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम जुन्या पंचांगाकडे वळूं. रब्बीची ज्वारी, गहूं व हरभरा घरीं आला, खळें उरकलें, म्हणजे कुणब्याच्या हातीं फाल्गुनाच्या अखेरीपासून मृगापर्यंत कांहीं आठवडे मोकळे राहतात. नांगरट व काकरपाळी असते, पण तिला रोजची निकड नसते. धान्य घरांत असतें, वाणी व सावकार यांचा हिशेब अजून पुरता झालेला नसतो, आणि वाटा कोरड्या असतात. लग्नें याच काळांत होतात व यात्राही याच काळांत भरतात. चैत्र शुद्धांत सासवडच्या भुतोजी तेल्याची कावड शिखर शिंगणापुरास निघते व मुंगी घाट चढून जाते. कार्ल्याच्या एकवीरेस मुंबईकडील कोळी लोक याच पंधरवड्यांत येतात. जेजुरीस चैत्री पौर्णिमेची यात्रा भरते. हीं मोठीं क्षेत्रें झालीं. परंतु खरी संख्या गांवच्या भैरवनाथाच्या, मुक्ताईच्या व म्हसोबाच्या लहान यात्रांची आहे. त्यांची कोणी यादी केलेली नाहीं, व ती करूं जातां एका तालुक्यांतच लेखकाचा उन्हाळा संपेल.

या यात्रांचा क्रम बहुतेक ठिकाणीं एकच असतो. पहाटे देवास अभिषेक, दिवसां नवस फेडणें व शेरणी वांटणें, रात्रीं पालखीचा छबिना, आणि छबिना देवळांत परतला कीं तमाशा. तमाशा उजाडेपर्यंत चालतो. दुसरे दिवशीं सकाळीं तोच फड ‘हजेरी’ म्हणून पुन्हां गातो, व दुपारीं कुस्त्यांचा आखाडा भरतो. जुन्नर, आंबेगांव व खेड या बाजूस घाटांत बैलगाडे पळविण्याची चाल आहे. ही शर्यत सर्वोच्च न्यायालयाच्या ता. ७ मे २०१४ च्या निकालानें बंद पडली होती, व सुधारलेल्या कायद्याची वैधता ता. १८ मे २०२३ रोजीं त्याच न्यायालयाच्या घटनापीठानें मान्य केली. दोन्ही निकाल मे महिन्यांतलेच, हा योगायोग असेल. पण प्रस्तुत विषयांत तो मौजेचा आहे.

आतां तमाशाविषयीं रूढ समजूत अशी कीं, ही कला दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं वाढली, आणि १८१८ सालीं राज्य गेल्यावर तिला उतरती कळा लागली. या समजुतींत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. होनाजी बाळा व प्रभाकर यांना पुण्यांत आश्रय होता व तो मोठा होता. परंतु त्या काळचे नामांकित शाहीर कोठले होते हें एकदां नकाशावर पाहावें. अनंत फंदी संगमनेरचा, परशराम सिन्नर तालुक्यांतील बावीचा, राम जोशी सोलापूरचा, सगनभाऊ मूळ जेजुरीकडचा. पुण्यानें यांतील कित्येकांना पागोटें दिलें. जन्म व शिक्षण दिलें नाहीं. जी कला दरबारांत आली ती अगोदर बाहेर कोठें तरी वाढलेली असली पाहिजे. आणि राज्य बुडाल्यावर काय झालें? प्रभाकर १८४३ पर्यंत, होनाजी व परशराम १८४४ पर्यंत, सगनभाऊ सुमारें १८५० पर्यंत हयात होते. दरबार नाहींसा होऊन पाव शतक लोटलें तरी यांचीं कवनें लोकांच्या तोंडीं राहिलीं, फड फिरत राहिले. केवळ दरबारावर जगणारी कला असती, तर ती दरबाराबरोबर बिठूरास तरी गेली असती किंवा पुण्यांत मेली तरी असती. तिनें दोन्ही केलें नाहीं.

उलट ती वाढली. तमाशांतील ‘वग’ हा कथेचा भाग पेशवाईंतला नव्हे. उमाजी सावळजकराचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग समजला जातो व तो १८६५ च्या सुमाराचा आहे. म्हणजे पेशवाई जाऊन जवळजवळ अर्धशतक लोटल्यावर तमाशाला त्याचें सर्वांत मोठें अंग फुटलें. यांचें कारण आमच्या मतें यात्रेंत शोधावें. दिवाणखान्यांतील बैठकीला दोन लावण्या व एक पोवाडा पुरतो. तेथें श्रोते थोडे, मर्मज्ञ, व घरीं जाण्यास मोकळे असतात. यात्रेकरू मात्र पांच-दहा कोसांवरून बैलगाडींतून आलेला असतो. त्याला रात्रीं परत जातां येत नाहीं. त्याला उजाडेपर्यंत बसवून ठेवणारें कांहीं तरी हवें असतें, आणि तें कथेवांचून होत नाहीं. गण, गवळण व बतावणी यांनीं रात्रीचा पहिला भाग जातो. उरलेली रात्र वगानें भरली. हें अनुमान आहे, पण वगाची लांबी व यात्रेची रात्र यांचा मेळ इतका बरोबर बसतो कीं तें सोडवत नाहीं. पुढें पठ्ठे बापूरावांनीं (१८६६–१९४५) याच वगाला जें वैभव आणलें तें सर्वश्रुत आहे.

यात्रेच्या खर्चाची व्यवस्था कशी होती हेंही पाहिलें पाहिजे. पेशवाईंत देवाच्या उत्सवाचा खर्च गांवखर्चांत धरिला जाई. इंग्रजी अमदानींत गांवखर्चाला कात्री लागली, आणि यात्रेचा भार उत्तरोत्तर गांवकऱ्यांच्या पट्टीवर आला. याचा परिणाम विचित्र झाला. जो उत्सव सरकारदप्तरीं लिहिला जाई, तो दप्तराबाहेर गेला; पण बंद पडला नाहीं. गांवानें घरटी पट्टी बसविली व फड आणला. म्हणजे कलावंताचा पोशिंदा बदलला. पूर्वीं तो एक श्रीमंत होता, आतां तो दोनशें उंबरे झाला.

या दोनशें उंबऱ्यांना एक अडचण असे, व ती आजही आहे. यात्रेची तिथि गांवाच्या हातीं नसते, ती देवाची असते. चैत्री पौर्णिमा, चैत्र वद्य अष्टमी, अक्षय्य तृतीया अशा मोजक्या तिथींवर शेंकडों गांवांच्या यात्रा एकाच रात्रीं पडतात, आणि फड तर ठराविकच. म्हणून त्या तिथींची सुपारी चढ्या भावानें जाते, व आडतिथीची यात्रा असलेलें गांव थोडक्या पैशांत चांगला फड नेतें. हा व्यवहार एके ठिकाणीं व्हावा म्हणून पुणें-नाशिक रस्त्यावरील नारायणगांव हें पेठेचें स्थान झालें. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडमालक आपापल्या राहुट्या ठोकतात, भोंवतालच्या गांवांचे पंच येऊन फड पाहतात, भाव करितात व सुपारी देऊन तिथि बांधतात. जागा सोयीची आहे. जुन्नर, आंबेगांव व खेड जवळ, घाट ओलांडला कीं संगमनेर, पूर्वेस पारनेर. भाऊ-बापू नारायणगांवकर यांचा फड व त्यांच्या घराण्यांतील विठाबाई (१९३५–२००२) यांच्यामुळें या गांवाचें नांव महाराष्ट्रभर झालें. परंतु घराण्यांइतकाच रस्त्याचा व तिथींचाही यांत हात आहे.

आतां दुसरें पंचांग. त्याचा उगम दोन सरकारी गोष्टींत आहे. पहिली, न्यायकोर्टांची उन्हाळ्याची सुटी. युरोपियन न्यायाधीशाला उन्हाळा सोसवत नसे, म्हणून मे महिन्यांत कोर्टें बंद राहत. शाळा व कॉलेजेंही त्याच सुमारास बंद असत. मुनसफ, वकील, शिरस्तेदार, मास्तर हाच तर त्या काळचा नवशिक्षित वर्ग. त्याला वर्षांतून एकदां सलग मोकळे दिवस मिळत ते हेच. दुसरी गोष्ट आगगाडी. खंडाळा-पुणें रस्ता १८५८ त सुरू झाला होता, पण बोरघाट पालखींतून किंवा पायीं चढावा लागे. ता. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाटांतील लोहमार्गाचें उद्घाटन झालें, आणि मुंबईचा वकील सकाळीं निघून त्याच दिवशीं पुण्यास पोहोंचूं लागला. पुण्यांत ज्यांचीं घरें व आप्त होते पण पोट मुंबईस वा मोफसलींत होतें, असे लोक सुटींत घरीं येत. ग्रंथकार, वक्ते व श्रोते एका गांवीं सांपडण्याचा वर्षांतील काळ तो हाच. हिराबागेचा मे महिना असा सुटीनें ठरविला.

येथें एक तिसरा हंगामही होता, त्याचा उल्लेख करून पुढें जाऊं. मुंबईचे गव्हर्नर उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं राहत व पाऊस लागल्यावर पुण्यास गणेशखिंडीं येत; त्यामुळें साहेबलोकांचा पुण्याचा ‘सीझन’, घोड्यांच्या शर्यती व नाच, सर्व पावसाळ्यांत असे. परिणामीं मे महिन्यांत पुणें शहर पुणेकरांचेंच राहत असे. सभा भरविणारांना ही गोष्ट नावडती झाली असेल असें वाटत नाहीं.

महादेव गोविंद रानडे १८७१ सालीं पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून आले, व १८७५ सालीं त्यांच्या पुढाकारानें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच उन्हाळ्यांत, ता. १२ मे १८७५ रोजीं, भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें फोडलीं आणि खतें जाळलीं. तो वैशाखाचा शुक्लपक्ष होता. अमेरिकेंतील युद्ध १८६५ त संपून कापसाचा भाव बसला होता, नवी आकारणी जड झाली होती, आणि खतावरील अंगठ्याला कोर्टांत हुकूमनाम्याचें बळ मिळालें होतें. दंग्याचीं कारणें येवढींच नव्हेत. त्यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस लक्ष वेधावयाचें तें इतकेंच कीं, ज्या मोकळ्या आठवड्यांनीं गांवाला यात्रा दिली, त्याच मोकळ्या आठवड्यांनीं त्याला दंगाही करूं दिला. आणि ज्या दिवाणी कोर्टांच्या सुटीनें शहराला व्याख्यानमाला दिली, तींच कोर्टें कुणब्याच्या रागाचा एक विषय होतीं. एका उन्हाळ्यांत एका जिल्ह्यांत या दोन गोष्टी घडल्या, त्यांमध्यें दोन दिवसांच्या वाटेपेक्षां अधिक अंतर नव्हतें, आणि तरीही त्यांची नोंद निरनिराळ्या इतिहासांत होते.

रानड्यांना गांव ठाऊक नव्हतें असें कोणीं समजूं नये. सार्वजनिक सभेनें रयतेच्या स्थितीची चौकशी दंग्यापूर्वींच चालविली होती. १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्यानंतर १८८१ पासून रानडे त्या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेखीसाठीं पुणें व सातारा जिल्ह्यांत गांवोगांव फिरले; रमाबाईंच्या आठवणींत त्या फिरतीचें वर्णन आहे. म्हणजे व्यक्तीचा दोष दाखवून हा प्रश्न सुटत नाहीं. माणसाला दोन्ही जगें माहीत होतीं. संस्थेचें पंचांग मात्र एकाच जगाचें राहिलें.

ही गोष्ट त्याच काळीं एकाच्या ध्यानांत आली होती. १८७८ च्या सभेचें आवाहन रानडे व लोकहितवादी यांनीं ‘ज्ञानप्रकाशां’तून केलें होतें. पुढें १८८५ च्या मे महिन्यांतील सभेचें अध्यक्षस्थान कृष्णशास्त्री राजवाडे यांनीं घेतलें. तिचें निमंत्रण जोतीराव फुले यांस गेलें, व त्यांनीं तें नाकारिलें. त्यांचें पत्र ता. ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदयां’त प्रसिद्ध झालें. जे लोक सर्व माणसांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहींत, त्यांच्या सभांशीं व पुस्तकांशीं आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाहीं, असा त्या पत्राचा आशय आहे. हें पत्र सामान्यतः जातिविरोधाचें पत्र म्हणून वाचलें जातें, व तें तसें आहेच. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फुल्यांचें व रानड्यांचें वैयक्तिक वैर नव्हतें. १८७५ सालीं दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली तेव्हां दोघेही तींत होते. आणि फुले हे स्वतः ग्रंथकार होते. १८६९ सालीं त्यांनीं शिवाजीचा पोवाडा रचला होता, म्हणजे गाणाऱ्या शाहिराचा साचा जाणूनबुजून घेतला होता. ग्रंथकारांच्या सभेंत ‘ग्रंथकार’ या शब्दाची व्याप्ति काय, हा प्रश्न त्या नकाराच्या पोटांत होता. पठ्ठे बापूरावांसारख्या, रात्रीं हजारोंना खिळवून ठेवणाऱ्या कवीला त्या दिवाणखान्यांत पुढेंही कोणी बोलावलें असतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

फुल्यांच्या मागून आलेल्या मंडळींनीं या नकाराचें उत्तर सभागृहांत दिलें नाहीं. तें यात्रेंत दिलें. सत्यशोधक समाजाच्या जलशांनीं तमाशाचाच आकार उचलला. गण राहिला पण त्याचा देव बदलला, गवळणीची जागा उपदेशानें घेतली, वगांत राजा व बटकीऐवजीं भट, सावकार व कुणबी आले. १९३० नंतरच्या आंबेडकरी जलशांनीं तीच वाट धरली. व्याख्यान जेथें पोहोंचत नव्हतें तेथें ढोलकी पोहोंचत होती, आणि ती नेहमींच्याच तिथीला पोहोंचत होती.

वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे. तिच्या नांवांत वसंत आहे, पण तिचे दिवस ऋतूनें वा तिथीनें ठरत नाहींत, ते ता. २१ एप्रिल ते २० मे असे बांधलेले आहेत. यात्रांचे दिवस मात्र दरसाल सरकतात. अक्षय्य तृतीया २०२२ सालीं ३ मे रोजीं होती, २०२३ सालीं २२ एप्रिल रोजीं, व मध्यें अधिक श्रावण येऊन गेल्यानें २०२४ सालीं १० मे रोजीं. एक पंचांग खिळ्यानें ठोकलेलें, दुसरें चंद्राबरोबर मागेंपुढें होणारें. कांहीं वर्षीं तीं एकमेकांवर पडतात, कांहीं वर्षीं बाजूस जातात. प्रेक्षक मात्र क्वचितच एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

तिथीच्या पंचांगावर चालणाऱ्या कलावंताचा धोका किती मोठा असतो, हें अलीकडच्या साथींत उघड झालें. २०२० सालचा गुढीपाडवा ता. २५ मार्च रोजीं होता, आणि देशभर टाळेबंदी लागू झाली ती त्याच दिवशीं. २०२१ चा पाडवा ता. १३ एप्रिलला होता. राज्य सरकारनें कडक निर्बंध जाहीर केले ते त्याच दिवशीं, व ते दुसऱ्या रात्रीपासून अंमलांत आले. म्हणजे लागोपाठ दोन वर्षें, ज्या सुमारास नारायणगांवीं सुपाऱ्या बांधल्या जावयाच्या नेमक्या त्याच सुमारास, सर्व दारें मिटलीं. व्याख्यान पुढें ढकलतां येतें. चैत्री पौर्णिमा ढकलतां येत नाहीं. फडाचा वर्षाचा संसार या दीड-दोन महिन्यांवर उभा असतो, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दोन तारखांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

शेवटीं साधनांविषयीं. हिराबागेंतील सभांचे अहवाल, वृत्तपत्रें व पत्रव्यवहार उपलब्ध आहेत. यात्रांचें साधन म्हणजे पट्टीच्या वह्या. कोणत्या घरानें किती दिले, कोणत्या फडाला किती सुपारी गेली, कुस्तीचा शेवटचा इनाम काय होता, छबिन्याच्या दिवट्यांना तेल किती लागलें, हें सर्व त्यांत मोडींत व पुढें बाळबोधींत लिहिलेलें असे. या वह्या पाटील, कुलकर्णी, गुरव किंवा यात्रेचे पंच यांच्या घरीं राहत, आणि पंच बदलले कीं जुनी वही माळ्यावर जाई वा रद्दींत जाई. एखाद्या गांवच्या सलग पन्नास वर्षांच्या वह्या हातीं आल्या, तर वर लिहिलेल्यांतील पुष्कळ अनुमानें एक तर खरीं ठरतील किंवा सोडून द्यावीं लागतील. विशेषतः पट्टी केव्हांपासून सुरू झाली, व १८७५ च्या आणि १८७६–७७ च्या दुष्काळाच्या वर्षीं गांवानें फड आणला कीं नाहीं, हे दोन मुद्दे त्याशिवाय उलगडणार नाहींत. जुन्नर, खेड, पुरंदर व बारामती तालुक्यांतील ज्या वाचकांच्या घरीं अशा वह्या असतील, त्यांनीं त्या पाण्यापासून व उंदरांपासून सांभाळाव्या आणि नक्कल करून घेऊं द्याव्या, इतकी विनंति आहे.